भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज : वाचकांचे प्रश्न

या वेळी सदराकडे आलेली बरीचशी पत्रे अपूर्णांकांच्या बेरजेविषयी होती. काही पालकांची, काही शिक्षकांची आणि काही विद्यार्थ्यांची. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे शक्यतो क्रमाने वाचावीत, कारण तिसऱ्या उत्तरात सिद्ध केलेली गोष्ट शेवटच्या उत्तरात पुन्हा लागणार आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. १/२ आणि १/३ यांची बेरीज ती २/५ अशी करते. “वरच्या संख्या मिळवायच्या, खालच्या संख्या मिळवायच्या, गुणाकारात आपण असेच तर करतो,” असे तिचे म्हणणे आहे. हे उत्तर चूक आहे एवढे मी सांगते, पण ते का चूक आहे हे मला तिच्या गळी उतरवता येत नाही.

उत्तर : उत्तर खोडून काढण्याआधी मुलीला ते तिचे तिलाच तपासू द्यावे, असे मी सुचवेन. २/५ म्हणजे पाच समान भागांपैकी दोन भाग. त्याच पाच भागांचे निम्मे म्हणजे अडीच भाग. तेव्हा २/५ हा अपूर्णांक अर्ध्याहून लहान आहे. अर्ध्यामध्ये आणखी काही मिळवले आणि बेरीज अर्ध्याहूनही कमी भरली, हे कसे होईल, असे तिला विचारावे आणि तिच्या उत्तरासाठी थोडे थांबावे. याच रीतीने १/२ + १/२ करायला सांगितले तर २/४ मिळेल, म्हणजे पुन्हा अर्धाच. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो हे तर तिला पक्के ठाऊक असते. अशा दोन पडताळ्यांनंतर रीतीत काहीतरी बिघडले आहे हे मुलांना स्वतःहून पटते, आणि मग कारण ऐकून घेण्याची त्यांची तयारी झालेली असते.

कारण असे आहे. छेद हा एका पूर्णाचे किती समान भाग केले ते सांगतो, म्हणजेच प्रत्येक भाग केवढा आहे ते सांगतो. अंश हा तसे किती भाग घेतले ते सांगतो. १/२ मधला एक भाग आणि १/३ मधला एक भाग हे दोन्ही ‘एक’ असले तरी सारख्या आकाराचे नाहीत, म्हणून त्यांची नुसती मोजदाद करून ‘दोन’ म्हणण्याला अर्थ राहत नाही. आधी दोघांनाही एकाच आकाराच्या लहान भागांत मोजावे लागते.

हे कागदावर करून पाहावे. सारख्या मापाचे दोन आयत काढावेत आणि प्रत्येकात दोन आडव्या ओळी व तीन उभे स्तंभ होतील अशा रेघा माराव्यात, म्हणजे प्रत्येक आयतात सहा समान घरे तयार होतील. पहिल्या आयतातील एक संपूर्ण ओळ रंगवावी. तो अर्धा आयत झाला आणि त्यात तीन घरे आहेत. दुसऱ्या आयतातील एक संपूर्ण स्तंभ रंगवावा. तो एक तृतीयांश आयत झाला आणि त्यात दोन घरे आहेत. आता घरे सारखी आहेत, म्हणून मोजता येतात: तीन आणि दोन मिळून पाच, आणि अशा सहा घरांचा एक पूर्ण आयत होतो. बेरीज ५/६. ओळ आणि स्तंभ एकाच आयतात रंगवू नयेत. तसे केले तर कोपऱ्यातील एक घर दोन्हींत येते आणि रंगलेली घरे चारच दिसतात, त्यामुळे मुलांचा गोंधळ उलट वाढतो. दोन आयत घेण्यामागे एवढेच कारण आहे.

मुलीने गुणाकाराचा दाखला दिला आहे, त्याचेही उत्तर तिला मिळायला हवे. १/२ × १/३ म्हणजे एक तृतीयांशाचा अर्धा. येथे आधीच केलेल्या भागाचे पुन्हा भाग पडतात, त्यामुळे भागांची संख्या दोन गुणिले तीन अशी वाढते आणि छेदांचा गुणाकार होतो. बेरजेत कोणत्याही भागाचा आकार बदलण्याचे काम नसते. केवळ मोजणे असते, आणि छेदांची बेरीज करण्याचा प्रसंगच येत नाही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. वरच्या संख्या वर आणि खालच्या संख्या खाली मिळवणे मुलांना इतके सहज सुचते, कारण ही क्रिया त्यांनी खरोखरच कोठेतरी पाहिलेली असते. पहिल्या चाचणीत ५ पैकी ३ प्रश्न बरोबर आले आणि दुसऱ्या चाचणीत ७ पैकी ४ बरोबर आले, तर दोन्ही मिळून १२ पैकी ७ प्रश्न बरोबर आले, हे विधान अगदी योग्य आहे. मात्र येथे दोन वेगवेगळे ‘पूर्ण’ एकत्र करून एक नवा, मोठा पूर्ण घेतला आहे. मिळालेला ७/१२ हा ३/५ आणि ४/७ यांच्या दरम्यान पडतो. दोन प्रमाणांचे एकत्रित प्रमाण नेहमी असे दोघांच्या मधेच असते. बेरजेत मात्र पूर्ण एकच राहतो आणि उत्तर दोन्ही संख्यांहून मोठे यावे लागते. मुलीची कल्पना टाकाऊ नाही. ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तिला अवश्य सांगावे.

प्रश्न : शाळेत छेदांचा लसावि काढून बेरीज करायला शिकवतात, शिकवणीत मात्र तिरकस गुणाकार करून आणि छेदांना छेदाने गुणून बेरीज करून घेतात. दोन्ही उत्तरे शेवटी सारखी येतात. मुलाने कोणती रीत धरावी?

उत्तर : दोन्ही रीती बरोबर आहेत, कारण दोन्हींत एकच काम होते. अंश आणि छेद यांना शून्याखेरीज एकाच संख्येने गुणले तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. या आधारावर दोन्ही अपूर्णांकांना सममूल्य पण समच्छेद रूप दिले जाते. समान छेद म्हणून दोन्ही छेदांची कोणतीही सामाईक विभाज्य संख्या चालते. छेदांचा गुणाकार ही अशी संख्या नेहमीच असते आणि ती शोधावी लागत नाही; लसावि ही अशा संख्यांतील सर्वांत लहान संख्या, म्हणून पुढची आकडेमोड हलकी होते.

७/२४ + ५/३६ हे उदाहरण दोन्ही रीतींनी सोडवून पाहू. तिरकस गुणाकाराने अंश ७ × ३६ + ५ × २४, म्हणजे २५२ + १२० = ३७२ येतो आणि छेद २४ × ३६ = ८६४ येतो. ३७२/८६४ ला १२ ने संक्षेप दिला की ३१/७२ मिळतात. लसाविच्या रीतीने २४ = २ × २ × २ × ३ आणि ३६ = २ × २ × ३ × ३, म्हणून लसावि २ × २ × २ × ३ × ३ = ७२. पहिल्या अपूर्णांकाला ३ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणून २१/७२ + १०/७२ = ३१/७२. पहिल्या रीतीत जो १२ शेवटी काढून टाकावा लागला, तो २४ आणि ३६ यांचा मसावि आहे. दुसऱ्या रीतीत तो मुळात आतच येऊ दिला नाही.

माझे मत विचाराल तर छेद लहान असतील किंवा त्यांच्यात १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तेथे सरळ गुणाकार करावा. २/३ + ४/७ साठी लसावि काढण्याची वेगळी पायरी लिहीत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे. छेद मोठे असतील आणि त्यांत सामाईक विभाजक दिसत असेल, तेथे लसावि काढावा. एका रीतीला ‘खरी’ आणि दुसरीला ‘आडवाटेची’ ठरवून मुलाला दोन शिक्षकांच्या मधे उभे करू नये.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिल्या आहेत. आधी, प्रत्येक राशीचा अंश आणि छेद दुसऱ्या राशीच्या छेदाने गुणावा, असे सांगितले आहे; आणि त्यालाच जोडून, छेदांना सामाईक विभाजकाने भागून घेऊन आलेल्या लहान संख्यांनी गुणले तरी चालते, असे म्हटले आहे. ही दुसरी वाट म्हणजे आपली लसाविचीच रीत. त्याच्याही आधी, नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त छेदांचा लसावि ‘निरुद्ध’ या नावाने स्वतंत्रपणे सांगितला आहे. म्हणजे ही दोन रीतींची जोडी जुनी आहे आणि जाणत्यांनी तिच्यात कधी भांडण पाहिले नाही.

छेदांचे मूळ अवयव सहज सुचत नसतील, तर युक्लिडची भागाकाराची रीत वापरावी. ती इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे आणि आजही तिच्याइतकी सोपी रीत दुसरी नाही. समजा छेद २२१ आणि २९९ आहेत. २९९ ला २२१ ने भागले की बाकी ७८. २२१ ला ७८ ने भागले की बाकी ६५. ७८ ला ६५ ने भागले की बाकी १३. ६५ ला १३ ने भागले की बाकी शून्य. शेवटचा भाजक १३ हा मसावि. मग २२१ = १३ × १७ आणि २९९ = १३ × २३ हे आपोआप दिसते, आणि लसावि १३ × १७ × २३ = ५०८३ मिळतो. हीच जोडी पुढच्या उत्तरात पुन्हा घेतली आहे.

प्रश्न : लसावि हा सर्वांत लहान समान छेद आहे, तर मग बेरजेनंतर पुन्हा संक्षेप का द्यावा लागतो? कधी द्यावा लागतो, कधी लागत नाही. विद्यार्थी विचारतात, “संपले हे कसे ओळखायचे?” आणि संक्षेप न देता सोडलेल्या उत्तराला गुण द्यावेत की नाही?

उत्तर : हा प्रश्न एका शिक्षिकेचा आहे आणि तो फार चांगला आहे, पाठ्यपुस्तकांत त्याला सहसा जागा मिळत नाही.

लसावि हा दिलेल्या दोन अपूर्णांकांना एकत्र लिहिता येईल असा सर्वांत लहान छेद आहे. बेरीज झाल्यावर मात्र एक तिसराच अपूर्णांक तयार होतो, आणि त्याला याहूनही लहान छेद पुरेल की नाही हे लसावि आधी सांगू शकत नाही. १/६ + १/१० घ्या. लसावि ३०, बेरीज ५/३० + ३/३० = ८/३०, आणि ती ४/१५ पर्यंत संक्षिप्त होते. ‘लीलावती’तील वजाबाकीचे उदाहरणही असेच आहे: १/१४ मधून १/६३ वजा करायचे. लसावि १२६, म्हणून ९/१२६ − २/१२६ = ७/१२६, म्हणजे १/१८. छेद १२६ वरून थेट १८ वर उतरला.

आता कोणत्या संख्येने संक्षेप जाऊ शकतो ते पाहू. ४/२२१ + ३/२९९ घेऊ. लसाविच्या रीतीने अंश ४ × २३ + ३ × १७ आणि छेद १३ × १७ × २३ होतो. छेदात तीन मूळ अवयव आहेत. त्यांपैकी १७ ने भाग जाईल का? अंशातील दुसऱ्या पदात, म्हणजे ३ × १७ मध्ये, १७ आहेच. तेव्हा संपूर्ण अंशाला १७ ने भाग जायचा असेल तर पहिल्या पदालाही, म्हणजे ४ × २३ लाही, १७ ने भाग जायला हवा. २३ ला तो जात नाही. ४ लाही जाणार नाही, कारण ४/२२१ हा अपूर्णांक आधीच अतिसंक्षिप्त आहे आणि १७ हा २२१ चा अवयव आहे. म्हणून १७ बाद. याच कारणाने २३ ही बाद. राहिला १३, आणि तो दोन्ही छेदांत सामाईक आहे. अंश ९२ + ५१ = १४३ = ११ × १३, म्हणून १३ ने भाग जातो आणि उत्तर ११/३९१ येते. ५०८३ सारख्या छेदासाठी आपल्याला एकच संख्या तपासावी लागली.

हा युक्तिवाद याच संख्यांपुरता नाही. दिलेले दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील आणि बेरीज लसाविच्या रीतीने केली असेल, तर उत्तरातील संक्षेप फक्त मूळ छेदांच्या मसाविमध्ये असलेल्या मूळ अवयवांनीच जाऊ शकतो. छेद सहमूळ असतील, म्हणजे त्यांचा मसावि १ असेल, तर बेरीज आपोआप अतिसंक्षिप्त असते आणि तपासण्याचे कामच उरत नाही. मात्र ‘दिलेले अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील’ ही अट विसरू नये. ६/२१ + ५/१४ मध्ये छेदांचा मसावि ७ आहे, पण बेरीज १२/४२ + १५/४२ = २७/४२ हिला ३ ने भाग जातो; कारण ६/२१ हा मुळात २/७ होता आणि तो ३ सुरुवातीलाच काढायला हवा होता. बेरीज करण्याआधी प्रत्येक अपूर्णांकाला संक्षेप द्यावा, हा सल्ला म्हणूनच कामाचा आहे.

याहून बारीक गोष्ट अशी की एखादा मूळ अवयव दोन्ही छेदांत असला, तरी तो दोन्हींत सारख्याच वेळा आला असेल तरच त्याने संक्षेप जाण्याची शक्यता असते. ५/१२ + ७/१८ पाहा. १२ मध्ये २ हा अवयव दोनदा आणि ३ एकदा आहे. १८ मध्ये २ एकदा आणि ३ दोनदा आहे. दोन्हींची संख्या वेगळी, म्हणून बेरीज १५/३६ + १४/३६ = २९/३६ हिला संक्षेप नाही; आणि अंश बदलून पाहिले, १/१२ + ५/१८ केले किंवा ११/१२ + १७/१८ केले, तरी नाहीच. कारण वरच्यासारखेच आहे: ज्या छेदात तो अवयव जास्त वेळा आहे, त्या अपूर्णांकाचा अंश समच्छेद करताना त्या अवयवाने गुणला जात नाही, दुसऱ्याचा मात्र गुणला जातो, म्हणून एका पदाला भाग जातो आणि दुसऱ्याला जात नाही.

२ च्या बाबतीत तर निश्चित विधानच करता येते. दोन अतिसंक्षिप्त अपूर्णांकांच्या छेदांत २ हा अवयव सारख्याच वेळा, आणि निदान एकदा, आलेला असेल, तर समच्छेद केल्यावर दोन्ही अंश विषम राहतात. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, म्हणून २ ने संक्षेप जाणारच. १/६ + १/१० मध्ये तेच झाले; ५/६ + ३/१० मध्ये २५/३० + ९/३० = ३४/३०, म्हणजे १७/१५, येथेही तेच.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूकही याच ठिकाणी समजावून देता येते. (४ × २३ + ३ × १७)/(१३ × १७ × २३) असे लिहिलेले दिसले की पुष्कळ मुले वरच्या २३ वर आणि खालच्या २३ वर एकदमच काट मारतात. वरचा २३ हा अंशाच्या एकाच पदाचा अवयव आहे, संपूर्ण अंशाचा नाही. अंशात अधिकचे चिन्ह असेपर्यंत काट मारू नये. आधी बेरीज पूर्ण करावी आणि मगच भाग लावावा, ही सवय लागली की ही चूक बहुतेक नाहीशी होते.

‘संपले हे कसे ओळखायचे’ याचे सरळ उत्तर: अंश आणि छेद यांचा मसावि १ आला की संपले. संशय असेल तेव्हा युक्लिडच्या रीतीने तो काढावा. २, ३, ५ यांच्या कसोट्या लावून थांबणारा विद्यार्थी १४३/५०८३ ला अतिसंक्षिप्त समजून सोडून देईल.

गुणांविषयी. ८/३० आणि ४/१५ यांची किंमत एकच आहे, म्हणून ८/३० ला ‘चूक’ म्हणणे मला मान्य नाही; प्रश्नात अतिसंक्षिप्त रूप मागितले असेल तर उत्तर अपूर्ण आहे एवढेच म्हणता येईल आणि त्यानुसार गुण कमी करता येतील. तरीही संक्षेपाचा आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते. प्रत्येक अपूर्णांकाला, छेद धन ठेवला तर, अतिसंक्षिप्त रूप एकच असते. त्यामुळे वेगवेगळ्या वाटांनी आलेली दोन उत्तरे सारखी आहेत की नाहीत हे त्या रूपात एका नजरेत कळते.

प्रश्न : तीन-चार अपूर्णांक असतील किंवा पूर्णांकयुक्त अपूर्णांक असतील तर काय करावे?

उत्तर : नवे काही करावे लागत नाही. सगळ्या छेदांचा एकदम लसावि काढावा, किंवा दोन-दोन करून बेरीज करत जावे; क्रमाने फरक पडत नाही. ३/४ + ५/६ + १/१० मध्ये लसावि ६०, बेरीज ४५/६० + ५०/६० + ६/६० = १०१/६०, म्हणजे १ पूर्णांक ४१/६०. पूर्ण संख्या असेल तर तिच्याखाली १ हा छेद आहे असे समजावे; ३ + १/५ + १/३ ही बेरीज म्हणून ४५/१५ + ३/१५ + ५/१५ = ५३/१५ होते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत पूर्णांकांची बेरीज वेगळी आणि अपूर्णांकांची वेगळी करणे सोयीचे असते. २ पूर्णांक ३/४ आणि १ पूर्णांक ५/६ यांत पूर्णांकांची बेरीज ३; अपूर्णांकांची ९/१२ + १०/१२ = १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२; एकूण ४ पूर्णांक ७/१२. सगळे अंशाधिक करून ११/४ + ११/६ असे मांडले तरी ५५/१२, म्हणजे तेच येते.

संक्षेपाचा मागचा नियम येथेही लागू होतो, मात्र थोडा रुंद करून: एखादा मूळ अवयव सर्वाधिक वेळा ज्या छेदात आला आहे तो छेद एकच असेल, तर त्या अवयवाने संक्षेप जाणार नाही. वरच्या उदाहरणात २ सर्वाधिक वेळा फक्त ४ मध्ये, ३ फक्त ६ मध्ये आणि ५ फक्त १० मध्ये आहे. म्हणून १०१/६० अतिसंक्षिप्तच असणार, हे बेरीज करण्याआधीच सांगता येत होते. याउलट १/६ + १/१० + १/१५ मध्ये प्रत्येक अवयव दोन-दोन छेदांत आहे, आणि बेरीज १०/३० एकदम १/३ वर येते.

प्रश्न : कॅल्क्युलेटर दशांशात उत्तर देतो. मग ही सगळी खटपट कशासाठी?

उत्तर : दशांशात १/३ पूर्ण लिहिता येत नाही. ०.३३ घेऊन तिनदा मिळवले तर ०.९९ येते, १/३ तिनदा मिळवले तर बरोबर १ येतो. जेथे उत्तर नेमके हवे तेथे अपूर्णांकच ठेवावे लागतात. पुढे बीजगणितात १/क + १/(क + १) अशा बेरजा येतात; त्यांत दशांशाचा काही उपयोग नसतो आणि समच्छेद करण्याची हीच रीत जशीच्या तशी वापरावी लागते. शिवाय एखाद्या अपूर्णांकाचे दशांश रूप संपते की आवर्ती राहते, हेही संक्षेप दिल्यावरच कळते. अतिसंक्षिप्त रूपातील छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच ते संपते. १/६ आणि १/१२ दोन्ही आवर्ती आहेत. त्यांची बेरीज ३/१२ म्हणजे १/४, आणि ती ०.२५ वर संपते.

प्रश्न : मी आठवीत आहे. मी १ + १/२ + १/३ + १/४ अशी बेरीज पुढे पुढे करत गेलो. उत्तरे ३/२, ११/६, २५/१२, १३७/६०, ४९/२०, ३६३/१४०, ७६१/२८० अशी आली. पूर्ण संख्या एकदाही आली नाही आणि संक्षेप दिल्यावरही छेद प्रत्येक वेळी सम आला. हा योगायोग आहे का?

उत्तर : योगायोग नाही, आणि तू जे पाहिलेस ते शेवटपर्यंत तसेच चालते. तुझी सातही उत्तरे बरोबर आहेत.

१ पासून ६ पर्यंतची बेरीज समच्छेद करून मांडू. लसावि ६०, म्हणून अंश अनुक्रमे ६०, ३०, २०, १५, १२ आणि १०. या सहांपैकी विषम अंश एकच आहे, १५, आणि तो १/४ चा आहे. १ ते ६ या संख्यांत २ हा अवयव दोनदा असलेली संख्या फक्त ४ आहे, त्यामुळे समच्छेद करताना तिच्याच अंशाला २ ने गुणावे लागत नाही. बाकी प्रत्येकाला लागते. पाच सम आणि एक विषम मिळून बेरीज विषम, १४७. विषम अंशाला २ ने भाग जाणार नाही, म्हणून छेदातले २ तसेच राहतात. १४७/६० ला ३ ने संक्षेप मिळाला, कारण ३ हा अवयव ३ आणि ६ या दोन छेदांत सारख्याच वेळा आहे. ५ ने तो मिळाला नाही, कारण ५ एकाच छेदात आहे.

पुढे कितीही गेलास तरी हेच होते. १, २, ४, ८, १६ अशा २ च्या घातांपैकी तू थांबलास त्या संख्येपर्यंत बसणारा सर्वांत मोठा घात घे. समजा तो ८ आहे. ८ ने भाग जाणारी पुढची संख्या १६, आणि ती तुझ्या बेरजेत नाही, नाहीतर सर्वांत मोठा घात १६ झाला असता. म्हणजे २ सर्वाधिक वेळा असलेला छेद एकच, आणि चौथ्या उत्तरातील नियमाप्रमाणे २ ने संक्षेप जात नाही. छेद सम आणि अंश विषम असताना उत्तर पूर्ण संख्या होऊ शकत नाही.

सुरुवात १ पासूनच करायला हवी असेही नाही. कोणत्याही दोन किंवा अधिक क्रमवार संख्या छेदांत घेतल्या तरी त्यांत २ सर्वाधिक वेळा असलेली संख्या एकच असते. अशा दोन असत्या तर त्यांच्या मधे २ आणखी एकदा जास्त असलेली तिसरी संख्या सापडली असती. हे तू स्वतः ताडून पाहा. १/३ + १/४ + १/५ + १/६ ही बेरीज ५७/६०, म्हणजे १९/२० येते. १ च्या अगदी जवळ, पण १ नव्हे.

अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या अशा बेरजांत प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांना फार रस होता. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या, ऱ्हिंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसात २ ला १०१ पर्यंतच्या विषम संख्यांनी भागून आलेली उत्तरे अशा बेरजांच्या रूपात दिली आहेत. २/५ साठी तेथे १/३ + १/१५ आहे. ३ दोन्ही छेदांत एकेकदाच आहे, म्हणून ६/१५ ला त्याने संक्षेप मिळतो.

छेद क्रमवार नसतील तर मात्र बेरीज पूर्ण संख्या होऊ शकते. १/२ + १/३ + १/६ करून पाहा. ३/६ + २/६ + १/६ = ६/६, बरोबर १. येथे २ हा अवयव २ आणि ६ या दोन्ही छेदांत एकेकदा आहे, त्यामुळे दोन अंश विषम होतात आणि २ ने संक्षेप जातो. यानंतर १ ते १२ मधील काही वेगवेगळे छेद निवडून बेरीज १ करण्याच्या आणखी वाटा शोध. निवड करताना ७ आणि ११ यांना का वगळावे लागते, हे या उत्तरांतील नियमावरून तुला लिहिता येईल.